मेळघाटातला ‘कुला’ आणि कंबोडियातला ‘ख्ला’

मेळघाटातल्या कोरकू गावांबाहेर झाडाखाली सागाचे कोरीव खांब उभारण्याची जुनी रीत आहे. जमिनीवर दिसणारा भाग जेमतेम दोन-अडीच फुटांचा. कोरकू त्याला ‘मुंडा’ म्हणतात. हा मृतांच्या स्मरणाचा खांब आहे आणि तो ‘सिडोली’ नावाच्या विधीत उभा केला जातो. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या विधीचे बारकाईने वर्णन आहे. मृत्यूनंतर चार महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंत केव्हाही सिडोली करता येते. खांबावर वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र, शिवाय एक कोळी (जाळे विणणारा) आणि माणसाचा कान, आणि खाली हातात शस्त्र घेतलेला घोडेस्वार कोरलेला असतो. हा घोडेस्वार म्हणजे मृत व्यक्ती. जन्मभर नांगर धरलेल्या माणसालाही इथे घोडा मिळतो!

खरे तर एका मृताचा एक मुंडा असायला हवा. पण गरिबाला ते परवडत नाही, म्हणून एकाच खांबावर अनेकांच्या आकृती कोरल्या जात. इथे एक कडक नियम होता. त्या काळात घरातली जितकी माणसे गेली असतील, त्यापेक्षा एकही आकृती जास्त होता कामा नये. जास्त झाली, तर जितक्या जास्त तितकी माणसे घरातून आणखी जातील, अशी समजूत. म्हणजे कारागिराच्या हातून चूक होऊन चालत नसे. लिपी नसलेल्या समाजाने सागावर लिहून ठेवलेली ही मृत्यूची नोंदवहीच म्हणा ना.

‘आदिवासींच्या चालीरीती’ शिकवताना अशा गोष्टी आपण बहुधा गंमत म्हणून सांगतो. मुले ‘अय्या, असं करतात?’ म्हणतात आणि पाठ संपतो. पण चालीरीतींकडे पुरावा म्हणूनही पाहता येते. कोरकू कोण, ते कुठून आले, त्यांचे नातेवाईक कुठे आहेत, हे मुंड्यावरून सांगता येईल का? प्रयत्न करून पाहू.

सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार हे तिन्ही एकत्र आपण कुठे पाहिले आहेत? महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांच्या आवारात वीरगळ पडलेले असतात. त्यांच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत या वीराची कीर्ती राहो. खालच्या चौकटींत लढाई असते, कधी घोडाही असतो. मग मुंडा म्हणजे वीरगळाची लाकडी नक्कल म्हणायची का? की तो कोरकूंचा स्वतःचाच?

पूर्वेकडे पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. छोटानागपूरच्या पठारावर, रांचीच्या आसपास, मुंडा नावाची जमात राहते. ते लोकही मृतांच्या अस्थी नंतर विधिपूर्वक उचलून आणतात आणि कुळाच्या दफनभूमीत मोठ्या शिळेखाली ठेवतात. मेघालयातले खासी पूर्वजांच्या स्मरणार्थ उंच दगड उभे करीत. मग हे नाते पूर्वेकडचे मानायचे? पण थांबा. बस्तरमधले माडिया गोंडही मृतांसाठी दगड आणि कोरीव लाकडी खांब उभे करतात, आणि त्यांची भाषा द्राविडी कुळातली, तेलुगूच्या नात्यातली आहे.

आणखी दूर जाऊ. मादागास्कर बेटाच्या दक्षिणेला महाफाली लोक थडग्यांवर कोरीव लाकडी खांब रोवतात. त्यांना ‘आलोआलो’ म्हणतात. अलीकडच्या खांबांवर बैलाच्या जोडीला विमान किंवा बसगाडीही दिसते. त्याच बेटाच्या मधल्या डोंगराळ भागात पूर्वजांच्या अस्थी बाहेर काढून नव्या कापडात गुंडाळण्याचा मोठा समारंभ होतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या हैदा लोकांनी देवदारासारख्या प्रचंड वृक्षांचे खांब कोरले आणि त्यांच्या टोकाशी पोकळी करून मानाच्या मृतांचे अवशेष पेटीत ठेवले. तिथले स्गांग ग्वाय हे ओसाड गाव १९८१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

कोरकू आणि हैदा नातलग आहेत असे कोणी म्हणणार नाही. माणूस मरतो, मागे राहिलेल्यांना त्याची खूण हवी असते, आणि जंगलात लाकूड भरपूर असते. एवढ्या तीन गोष्टी जिथे एकत्र येतील तिथे असा खांब निर्माण होऊ शकतो. शिवाय चाल शेजाऱ्याकडून उचलता येते. म्हणून नुसत्या चालीच्या साम्यावरून नाते ठरवणे धोक्याचे. (आणखी एक फसवी गोष्ट: खांबाचे नाव ‘मुंडा’ आणि रांचीकडच्या जमातीचे नाव ‘मुंडा’. पण नावांच्या अशा योगायोगावर काही उभारू नये.)

गोष्टींचेही तेच. कोरकूंची उत्पत्तिकथा अशी: विंध्य-सातपुड्यात माणूसच नाही हे पाहून रावणाने महादेवाला साकडे घातले. महादेवाने कावळ्याला लाल मातीचे वारूळ शोधायला पाठवले आणि त्या मातीचे एक पुरुष आणि एक स्त्री घडवली. पण इंद्राने पाठवलेल्या दोन तेजस्वी घोड्यांनी त्या मूर्ती तुडवून टाकल्या. मग महादेवाने राखणीला कुत्रा केला, पुन्हा मूर्ती घडवल्या आणि त्यांच्यात प्राण घातला. तेच मुला आणि मुलाई, कोरकूंचे आद्य पूर्वज. यातले रावण, महादेव आणि इंद्र बाजूला ठेवले तर मातीच्या बाहुल्या, त्या तुडवणारा घोडा आणि राखण करणारा कुत्रा उरतात. छोटानागपूरच्या मुंडांकडे ही कथा जवळजवळ अशीच सांगतात. संतालांच्या कथेतही घोडा मूर्ती तुडवतो. इथे नात्याचा वास येतो खरा. पण युरी बेरेझ्किन या रशियन अभ्यासकाने या कथेचा माग काढला, तेव्हा अर्धवट घडलेल्या माणसाची राखण करणारा कुत्रा थेट सैबेरियापर्यंत सापडला. गोष्टीला पाय असतात, आणि ती भाषेच्या सीमा पाहून चालत नाही.

मग भरवसा कशाचा धरायचा? भाषेचा. तोही डोळे मिटून नव्हे.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे) १८६३ साली वारले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. त्यात मध्य भारतातल्या अनेक भाषांच्या शब्दयाद्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. गोंडी, कोलामी, तेलुगू, तमिळ यांचे शब्द एकमेकांशी जुळत होते. कोरकूचे मात्र त्यांच्याशी जुळेनात. इकडे माक्स म्युलर यांनी १८५४ मध्येच दाखवले होते की छोटानागपूरकडच्या भाषा द्राविडी नाहीत, त्यांचे कुळ वेगळे आहे. त्या कुळाला त्यांनी मुंडा हे नाव दिले. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ साली कोरकूचे व्याकरण छापले. १९०६ साली ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मुंडा आणि द्राविडी भाषांवरचा खंड निघाला, त्यात कोरकूची जागा मुंडा कुळात पक्की झाली. त्याच वर्षी विल्हेल्म श्मिट यांनी मुंडा भाषांचा संबंध खासी, मोन आणि ख्मेर यांच्याशी जोडला आणि या सर्वांना मिळून ऑस्ट्रोआशियाई असे नाव दिले.

हे नाते मुलांनाही तपासता येते. एक ते दहा मोजून पाहा.

कोरकू: मिया, बारी, आफई, उफून, मोनोय, तुरूई, एई, इलार, आरेई, गेल.
संताली: मित्, बार, पे, पोन, मोंडे, तुरूय, एयाय, इराल, आरे, गेल.

मेळघाट ते रांची हे अंतर सरळ रेषेत सुमारे नऊशे किलोमीटर आहे. मधल्या मुलखात गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी बोलतात. तरी आठ हा इकडे ‘इलार’ आणि तिकडे ‘इराल’. आपण ‘चाकू’ला ‘काचू’ म्हणून टाकतो, तशी अक्षरांची अदलाबदल झालेली आहे.

आता कंबोडियाची ख्मेर: मुय, पी, बेय, बुओन. व्हिएतनामी: मोट, हाय, बा, बोन. पहिल्या चार अंकांत ओळखीची माणसे गर्दीत दिसावीत तसे काही शब्द दिसतात. इथे एक चूक हमखास होते. कोरकू ‘बारी’ म्हणजे दोन आणि व्हिएतनामी ‘बा’ म्हणजे तीन. कानाला जवळ वाटले तरी ही जोडी नव्हे. ‘बा’ची जोडी संताली ‘पे’शी आणि कोरकू ‘आफई’शी आहे. पाचाच्या पुढे साम्य इतके उघड नाही. ख्मेरमध्ये तर सहाला ‘पाच-एक’ असेच म्हणतात.

पण दहा-वीस शब्दांचे साम्य योगायोगानेही होऊ शकते, मग पुरावा कोणता? भाषाशास्त्रज्ञ साम्य शोधत नाहीत, ते नियमित फरक शोधतात. आपल्या हाताशी असलेले उदाहरण घेऊ. मराठी वीस, हिंदी बीस. वाघ–बाघ, विंचू–बिच्छू, वीज–बिजली. शब्दाच्या सुरुवातीला मराठीत ‘व’ तिथे हिंदीत ‘ब’, पुन्हा पुन्हा. असा नियम योगायोगाने पडत नाही. दोन्ही भाषांना एक पूर्वज होता आणि त्याच्या शब्दांचे इकडे एक झाले आणि तिकडे दुसरे, म्हणून तो पडतो.

कोरकू आणि मुंडारी (मुंडांची भाषा) यांत तसाच नियम आहे. कोरकूत माणूस ‘कोरो’, मुंडारीत ‘होडो’. (‘कोरकू’ हे नावही कोरो आणि अनेकवचनाचा ‘कू’ मिळून झाले आहे, म्हणजे नुसते ‘माणसे’.) मासा कोरकूत ‘काकू’, मुंडारीत ‘हाकू’. मुलगा ‘कोन’, तिकडे ‘होन’. इकडे ‘क’ तिथे तिकडे ‘ह’. आणि व्हिएतनामीत मूल म्हणजे ‘कोन’, मासा म्हणजे ‘का’!

आता वाघ. कोरकूत ‘कुला’. नियमाप्रमाणे मुंडारीत ‘हुला’ व्हायला हवा. पण मुंडारीतही तो ‘कुला’च आहे, आणि संतालीत ‘कुल’. नियम मोडला? असा मोडलेला नियम दिसला की भाषाशास्त्रज्ञाचे डोळे चमकतात. मूळ भाषेत ‘क’सारखे दोन वेगळे ध्वनी असले पाहिजेत. त्यांतल्या एकाचा मुंडारी-संतालीत ‘ह’ झाला, दुसरा ‘क’च राहिला. कोरकूत दोन्ही एक होऊन गेले. म्हणजे आज कुणीही उच्चारत नसलेला एक ध्वनी अपवादावरून सापडला. सूर्यमालेतल्या एका ग्रहाच्या चुकार चालीवरून नेपच्यून सापडला, त्याच जातीचा हा तर्क आहे. आणि वाघाला ख्मेरमध्ये ‘ख्ला’ म्हणतात, खासीतही ‘ख्ला’. मेळघाटापासून कंबोडिया तीन हजार किलोमीटरांवर आहे.

अंकांवर मात्र फार विसंबू नये. याचा धडा वऱ्हाडातच मिळतो. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली (नहाली) बोलणारे लोक आहेत. दोन-अडीच हजारांपेक्षा जास्त नसावेत. त्यांच्या भाषेत एक म्हणजे ‘बिडुम’, पण दोन, तीन, चार हे शब्द द्राविडी भाषांतून आलेले आहेत आणि पाचापासून पुढचे मराठी-हिंदीच्या घरातले. नुसत्या अंकांवरून पाहणारा म्हणेल की ही खिचडी भाषा आहे. पण डोळ्याला ते ‘जिकिट’ म्हणतात, पाण्याला ‘जोप्पो’, विस्तवाला ‘आपो’. हे शब्द कोरकूशी जुळत नाहीत, गोंडीशी नाहीत, मराठीशीही नाहीत. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली या भाषेवर छोटे पुस्तक लिहिले. त्यांच्या पाहणीत बराच शब्दसंग्रह कोरकूकडून उसना निघाला, पण सुमारे चौथा हिस्सा शब्दांचे नाते जगातल्या कुठल्याच भाषेशी लागेना. बाजारात लागणारे शब्द माणूस बाजारातून घेतो. डोळा, पाणी, विस्तव हे घरचेच राहतात.

म्हणजे मेळघाट आणि त्याच्या पश्चिमेच्या डोंगरात भाषांचे थर आहेत, खडकांचे असतात तसे. वरचा थर मराठी-हिंदीचा. त्याच्या शेजारी गोंडीचा. कोरकूचा थर पूर्वेकडून आलेला. आणि निहालीचा तुकडा कदाचित या सर्वांच्या आधीचा. पॉल सिडवेल आणि फेलिक्स राऊ यांनी २०१९ मध्ये मांडले की मुंडा भाषांचे पूर्वज सुमारे चार ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियातून समुद्रमार्गे ओडिशाच्या किनाऱ्याला लागले असावेत. हा मार्ग सर्वांना मान्य नाही. पण आनुवंशिकतेचा पुरावा रंजक आहे. ज्ञानेश्वर चौबे आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसले की मुंडा भाषा बोलणाऱ्या समाजांत बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्रात आग्नेय आशियातला एक प्रकार मोठ्या प्रमाणात आढळतो. आईकडून येणारा वारसा मात्र जवळजवळ सगळा भारतीय आहे. आलेल्यांत पुरुष जास्त असावेत, आणि त्यांनी इथल्या बायकांशी घरोबा केला असावा. मग कोरकू ‘मूळचे’ की ‘आलेले’? आजीच्या बाजूने विचारले तर मूळचे, आणि आजोबांच्या आजोबांनी आणलेल्या भाषेबद्दल विचारले तर आलेले. आपल्यापैकी बहुतेकांची उत्तरे अशीच दुहेरी निघतील.

मादागास्करचा उल्लेख वर आला, तिथेही निकाल भाषेनेच दिला. आफ्रिकेपासून हे बेट जेमतेम चारशे किलोमीटरांवर. पण नॉर्वेच्या ओटो डाल यांनी १९५१ मध्ये दाखवले की तिथल्या भाषेचे सर्वांत जवळचे नाते बोर्निओच्या आग्नेयेकडच्या मा’आन्यान भाषेशी आहे. मधे सात हजार किलोमीटर समुद्र! आलोआलो खांबांवरून हे कधीच कळले नसते.

आता घराजवळ येऊ. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८६६ मध्ये मेळघाटातली बैरागड आणि गुगामळ ही जंगले राखीव झाली. झाडे तोडून, जाळून, राखेत पेरायची फिरती शेती बंद पडत गेली, आणि ज्या सागाचा मुंडा करायचा तो सागही सरकारचा झाला. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. ‘कुला’ वाचला ही चांगलीच गोष्ट झाली, पण प्रकल्पातली काही गावे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उठून अकोला जिल्ह्यातल्या अकोट आणि तेल्हारा तालुक्यांच्या सपाटीवर आली. शेजारी मराठी, बाजार मराठी, शाळा मराठी. धारणी-चिखलदऱ्यातही शाळेत कोरकू मूल पहिल्या दिवशी गप्प बसते, आणि आम्ही मास्तर ‘मूल मंद आहे’ असा शेरा मारून मोकळे होतो. मूल मंद नसते, त्याला फक्त आपली भाषा येत नाही, आणि आपल्याला त्याची. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असे राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात १९५६ पासून लिहिलेले आहे. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांवर होते, त्यांतले बहुतेक मध्य प्रदेशात. आकडा मोठा वाटतो. पण दहाच्या पुढे मोजताना घरातही हिंदी-मराठी अंक येऊ लागले आहेत. निहालीची स्थिती तर फार नाजूक आहे.

ज्यांच्या वर्गात कोरकू किंवा निहाली मुले आहेत त्यांना एक काम करता येईल. मुलांना घरी आजी-आजोबांकडून शब्द विचारून आणायला सांगा. टेबल, सायकल, साबण असले शब्द नकोत, ते सगळीकडे सारखेच निघतील. डोळा, हात, पाणी, हाड, कुत्रा, मासा, वाघ, मूल इथून सुरुवात करा. एकाच शब्दासाठी दोन गावांतून दोन उत्तरे आली तर दोन्ही लिहा, ‘बरोबर’ कोणते ते ठरवू नका. गावाचे नाव आणि सांगणाऱ्याचे वय लिहायला विसरू नका. मराठी मुलांनी त्याच यादीसमोर वऱ्हाडी शब्द लिहावेत, म्हणजे तपासणी एकाच बाजूची राहणार नाही. आणि शक्य असेल तर मोबाइलवर आवाजही मुद्रित करून ठेवा. शिकागोच्या नॉर्मन झाईड यांनी कोरकूचा अनेक वर्षे अभ्यास केला. या भाषेत काही शब्दांवर स्वर खाली उतरतो, हे त्यांनी नोंदवले आहे. देवनागरीत त्याला खूण नाही. ते फक्त ऐकूनच कळते.